झूम एफ३ रेकॉर्डर: जंगल सावरतंय हे ऐकवायचं असेल तर

वन्यजीव संवर्धनाच्या माहितीपटात आशा दाखवायची एक ठरलेली पद्धत झाली आहे. ड्रोनमधून हिरवं रान, खाली चढत जाणारं पार्श्वसंगीत आणि निवेदकाचं वाक्य की जंगल परत आलं. प्रेक्षक ऐकून घेतो, पण त्याच्या हाती पुरावा काहीच पडत नाही, कारण वरून हिरवं दिसणारं रान आतून पोकळ असू शकतं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातलं लिंकन मेडो हे कुरण ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. १९८८ मध्ये तिथे निवडक वृक्षतोड झाली. निसर्गातले आवाज टिपणारे बर्नी क्रॉस यांनी तोडीआधी आणि वर्षभराने पुन्हा त्याच जागी, त्याच ऋतूत आवाज टिपले. फोटोत कुरण जवळपास तसंच दिसत होतं. आवाजातली पक्ष्यांची दाटी मात्र गेली होती. ओढ्याची खळखळ आणि एका सुतारपक्ष्याची टकटक एवढंच मागे राहिलं होतं.

उलट दिशेनेही हे तितकंच खरं आहे. इंडोनेशियाच्या स्पर्मोंडे द्वीपसमूहात सुरुंग लावून केलेल्या मासेमारीने प्रवाळभित्ती उद्ध्वस्त झाल्या होत्या. तिथे पुन्हा प्रवाळ वाढवल्यानंतर पाण्याखाली जे आवाज टिपले, त्यात माशांच्या आवाजांची विविधता निरोगी भित्तींच्या जवळपास पोचलेली आढळली. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी भित्ती दाखवताना त्याखाली व्हायोलिन लावणं म्हणजे हातातला सर्वांत भक्कम पुरावा झाकून टाकणं आहे.

झूम एफ३ या छोट्या फील्ड रेकॉर्डरकडे म्हणून इथे एकाच बाजूने पाहिलं आहे. एखादी जागा ‘आधी’ कशी ऐकू येत होती आणि ‘नंतर’ कशी, हा फरक तो प्रामाणिकपणे धरून ठेवतो का? मुलाखती, संवाद, गर्दीतलं चित्रीकरण यांसाठी त्याची परीक्षणं भरपूर झाली आहेत, त्यात पडत नाही.

यंत्र

एफ३ हा २०२२ मध्ये आलेला दोन चॅनलचा रेकॉर्डर. तळहातावर मावतो, दोन पेन्सिल सेलसह वजन सुमारे २४० ग्रॅम. दोन एक्सएलआर (व्यावसायिक माइकच्या तीन पिनांच्या) सॉकेट, दोन्ही लॉक होणारी. माइकला २४ किंवा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे केबलमधूनच माइकला वीज. स्वतःचा माइक नाही आणि ३.५ मिलिमीटरच्या माइकसाठी सॉकेटही नाही, त्यामुळे प्लग-इन पॉवरवर चालणारे छोटे कॅप्सूल माइक वापरायचे तर ४८ व्होल्टवरून तो पुरवठा काढून देणारा एक्सएलआर अडॅप्टर लागतो. मायक्रो एसडी कार्ड एकच बसतं. हेडफोनला वेगळं सॉकेट आहे, कॅमेऱ्याकडे आवाज पाठवायला लाइन आउट आहे. पडदा छोटा, एकरंगी. त्यावर नेहमीचे लेव्हल मीटर नसून आवाजाचा वेव्हफॉर्म सरकताना दिसतो.

आणि गेनचं, म्हणजे टिपताना आवाजाची पातळी वाढवायचं-कमी करायचं, बटण नाही. दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर काम करणारे ए-डी कन्व्हर्टर (विजेच्या लहरींचे आकडे करणारे भाग) एकत्र वापरून तो सगळं ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अगदी बारीक आणि अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावेल अशा स्वरूपात, टिपतो; दुसऱ्या कुठल्या स्वरूपात टिपतच नाही. बहुतेक लोक याचा फायदा ‘पातळी चुकली तरी चालतं’ असा सांगतात. संवर्धनाच्या फिल्मसाठी त्याहून मोठा फायदा दुसराच आहे. गेनचं बटण असलेल्या रेकॉर्डरवर पहिल्या वर्षी शांत रानात गेन वाढवला जातो, तिसऱ्या वर्षी गजबजलेल्या रानात तो कमी केला जातो, आणि दोन्ही फाइल सारख्याच मोठ्या ऐकू येतात. नोंदवहीत गेनचा आकडा लिहिला नसेल तर रानात झालेली वाढ कायमची हरवली. एफ३ वर तोच माइक, तीच इनपुट निवड (माइक की लाइन) आणि तीच जागा ठेवली की दोन वर्षांच्या दोन फाइल थेट शेजारी ठेवता येतात.

यात एक मेख आहे. पडद्यावरचा वेव्हफॉर्म लहान-मोठा करायची जी सोय आहे, ती नुसती दिसण्यापुरती नाही. ती बदलली की फाइलमधली पातळीही बदलते. त्यामुळे काही फाटत नाही, तपशील जात नाही, पण तुलना बिघडते. ही पट एकदा ठरवून घ्यावी, रेकॉर्डरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहावी आणि पुन्हा हात लावू नये. सहायकांच्या हातात यंत्र जाणार असेल तर ती चिकटपट्टी हवीच. शक्य असेल तर प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला माइकवर ध्वनी-कॅलिब्रेटर बसवून १ किलोहर्ट्झचा ९४ डेसिबलचा सूर अर्धा मिनिट टिपून ठेवावा. मग माइक जुना झाला, बदलला, केबल बदलली, तरी दोन वर्षांची मापं जुळवता येतात.

प्रीॲम्पचा (माइकचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या सर्किटचा) आवाज किती आड येतो

रान शांत असतं आणि यंत्राची सरसर त्यात मिसळते, ही भीती रास्त आहे. एफ३ चा इनपुट नॉइज उणे १२७ डीबीयू (विजेच्या संकेताची पातळी मोजायचं डेसिबल एकक) इतका खाली दिलेला आहे. हा आकडा एकटा काही सांगत नाही, तो माइकशी ताडून पाहावा लागतो. सेनहायझर एमकेएच ४१६ हा सर्वत्र दिसणारा शॉटगन माइक घेऊ. त्याची संवेदनशीलता २५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल आणि स्वतःची सरसर १३ डेसिबल. हिशेब केला तर माइकची सरसर इनपुटवर उणे १११ डीबीयूच्या आसपास येते, म्हणजे रेकॉर्डरच्या सरसरीपेक्षा सुमारे १६ डेसिबल वर. थोडक्यात, ऐकू येणारी सरसर माइकची असते, एफ३ ची नसते. ४ ते ५ डेसिबल सरसर असलेला मोठ्या पडद्याचा स्टुडिओ माइक लावला तरी माइकच वरचढ राहतो. तेव्हा आणखी महागडा रेकॉर्डर घेऊन शांतता सुधारेल या आशेवर पैसे घालू नयेत. ते माइकवर आणि वाऱ्याच्या आवरणावर घालावेत.

वरच्या टोकालाही मर्यादा आहे आणि ती जाहिरातीत झाकली जाते. फ्लोट फाइल कधी फाटत नाही हे खरं, पण फाइलच्या आधी विजेचं सर्किट असतं. माइक इनपुटला कमाल अधिक ४ डीबीयू चालतं. वरच्या त्याच माइकचा हिशेब धरला तर साधारण १२८ डेसिबल ध्वनिदाबाला इनपुट भरतं. पक्षी, बेडूक, कीटक, अगदी जवळून गेलेला हत्ती यातलं काही तिथवर सहसा जात नाही. वारा जातो. माइकच्या पडद्यावर वाऱ्याचा झोत आला की खालच्या कंपनसंख्यांचा धक्का इतका असतो की माइक स्वतःच फाटतो, आणि माइकमध्ये फाटलेला आवाज कुठल्याही बिटने जोडता येत नाही.

बिघडतं कुठे

सर्वांत आधी वारा, त्याबद्दल थोडं सविस्तर. नुसता स्पंज घरापुरता. रानात जाळीची टोपली आणि तिच्यावर केसाळ आवरण, दोन्ही हवीत. माइक आणि टोपली यांच्यात स्थिर हवेची जागा राहणं हे तिथलं खरं काम करतं. केसाळ आवरण पावसाने किंवा दवाने भिजून चपटं झालं की वरच्या कंपनसंख्या खाल्ल्या जातात आणि पहाटेची किलबिल ब्लँकेटखालून आल्यासारखी वाटते, म्हणून एक कोरडं आवरण जादा ठेवावं. माइक उंच स्टँडवर ठेवण्याऐवजी झाडाच्या बुंध्याला, वाऱ्याच्या आडोशाला बांधला तर निम्मं काम होतं.

दमट हवेत साधे कंडेन्सर माइक कडकड करू लागतात. वर सांगितलेल्या एमकेएच घराण्यातले माइक रेडिओ-फ्रीक्वेन्सी पद्धतीचे असल्याने त्यांना ओलावा फार कमी बाधतो. पावसाळी जंगलात ते इतके दिसतात ते यामुळेच. स्टुडिओ माइक कमी सरसर देतो, पण त्याला रात्रभर दवात ठेवणं धोक्याचं. एफ३ स्वतःही पाणीरोधक नाही. तो झाकणबंद डब्यात ठेवून केबल खालच्या बाजूने बाहेर काढावी आणि केबलला डब्याखाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून आत न शिरता तिथूनच टपकतं. सोबत सिलिका जेलची पुडी.

वीज हा तिसरा मुद्दा. पेन्सिल सेलवर फँटम पुरवठा बंद असताना तो बरेच तास चालतो. दोन्ही माइकना ४८ व्होल्ट दिले की तो अवधी खूप घटतो. रात्रभराच्या नोंदीसाठी यूएसबी-सीने पॉवर बँक लावणं हाच मार्ग. इथे एक फसवी अडचण येते. बऱ्याच पॉवर बँका, जोडलेलं यंत्र फार थोडी वीज ओढत असेल तर, चार्जिंग संपलं असं समजून स्वतःहून बंद होतात. कमी विजेवर सुरू राहणारी पॉवर बँक घ्यावी, आणि रानात जाण्याआधी एक पूर्ण रात्र जागेवरच चालवून पाहावी. आत चांगले सेलही असू द्यावेत.

कार्ड एकच असल्याने दुसरी प्रत आपोआप होत नाही. ज्या नोंदी पुन्हा मिळणार नाहीत, उदाहरणार्थ पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्याचं पहिलं उड्डाण, तिथे लाइन आउटमधून कॅमेऱ्यात आवाज पाठवावा. तो कमी दर्जाचा असेल, पण असेल. कार्डावरच्या जागेचा हिशेब सोपा आहे: ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) स्टिरिओला ताशी सुमारे १.४ जीबी, ९६ ला दुप्पट, १९२ ला चौपट. माहितीपटाच्या नेहमीच्या कामाला ४८ पुरे. आवाज हळू करून दाखवायचा असेल तर ९६.

हेडफोनबाबत गैरसमज होतो. फाइल शाबूत असताना हेडफोनमध्ये मात्र आवाज फाटलेला येऊ शकतो, कारण कानापर्यंत येणारं सर्किट फ्लोट नसतं. उलटही होतं: संगणकावर फाइल उघडली की सरळ रेघ दिसते आणि काहीच टिपलं गेलं नाही असं वाटून लोक ती पुसतात. आवाज आत असतो, फक्त खाली असतो. आणि गेन बघायचा नाही म्हणून हेडफोनच लावायचा नाही, ही सवय सर्वांत महागात पडते. सैल केबलची करकर, लांबच्या पंपाची घरघर, आपल्याच जाकिटाची सळसळ यांना फ्लोट काही करू शकत नाही.

टाइमकोडचं, म्हणजे कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची वेळ जुळवणाऱ्या संकेताचं, सॉकेट नाही. वेगळा ब्लूटूथ अडॅप्टर लावून ठरावीक टाइमकोड यंत्राशी जुळवता येतं, पण एका कॅमेऱ्याच्या कामाला सुरुवातीची टाळी चालते. शेवटीही एक टाळी घ्यावी. दोन यंत्रांच्या घड्याळांत दशलक्षाला १० इतका फरक असेल तर तासाभरात ३६ मिलिसेकंद होतात, म्हणजे २५ फ्रेमच्या चित्रीकरणात जवळपास एक फ्रेम. लांब लेन्सचं गणित वेगळंच असतं. प्राणी १७० मीटरवर आणि माइक कॅमेऱ्याजवळ असेल तर आवाज अर्धा सेकंद, बारा-एक फ्रेम, उशिरा पोचतो. चोच उघडलेली दिसते आणि हाक नंतर येते. एडिटिंगमध्ये आवाज तेवढा आधी सरकवून हे जुळवावं लागतं, टाळीवरून जुळवलेलं सिंक तिथे चूक दाखवतं.

माइक कुठे आणि कसा

आशेची फिल्म म्हणजे एका प्राण्याचा सुटा आवाज नव्हे, पूर्ण जागेचा आवाज. त्यासाठी दोन ऑम्नी (सगळ्या दिशांनी ऐकणारे) माइक बुंध्याच्या दोन बाजूंना, ४० ते ५० सेंटिमीटर अंतरावर बांधणं हा साधा आणि उत्तम प्रकार. दहा-पंधरा मीटर बॅलन्स्ड केबल टाकून रेकॉर्डर दूर ठेवावा. सूर्योदयाच्या दीड तास आधी यंत्र सुरू करून माणसांनी तिथून निघून जावं. माणूस उभा असताना टिपलेलं रान हे माणसाला पाहून गप्प झालेलं रान असतं.

सुटा आवाज हवा तेव्हा पॅराबोलिक डिश उपयोगी, पण ती सगळं जवळ आणत नाही. ६० सेंटिमीटरची डिश साधारण ५७० हर्ट्झच्या वरच नीट एकवटते, कारण त्याखाली ध्वनीची लांबी डिशच्या व्यासापेक्षा मोठी होते. न्यूझीलंडचा काकापो हा न उडणारा पोपट घ्या. १९९५ मध्ये ५१ उरले होते, २०२२ मध्ये अडीचशेच्या आसपास झाले. आशेची याहून चांगली कथा सहज सापडणार नाही. नर जमिनीत वाटीसारखा खड्डा करून त्यात बसून घुमतो आणि ते घुमणं इतकं खोल असतं की डिश तिथे निरुपयोगी. त्याला खालपर्यंत सपाट जाणारा ऑम्नी, लो-कट (खालच्या कंपनसंख्या कापणारी गाळणी) बंद, आणि वारा नसलेली रात्र लागते.

काही प्राण्यांचा आवाज मिळणारच नाही, हे पटकथा लिहितानाच कळायला हवं. कॅलिफोर्निया कॉन्डॉर १९८७ मध्ये सगळे मिळून २७ होते आणि सगळे बंदिस्त. १९९२ पासून त्यांना पुन्हा सोडायला सुरुवात झाली. या पक्ष्याला स्वरयंत्रच नाही. त्याच्या दृश्याखाली गरुडाची किंकाळी चिकटवणं ही सरळ फसवणूक आहे आणि पक्षी ओळखणारा एकच प्रेक्षक ती उघडी पाडतो. तिथे टिपायचा तो पंखांतून जाणाऱ्या हवेचा आवाज, आणि तो एफ३ वर जवळून, चांगल्या आवरणासह, सुंदर येतो. आसामातला हरगिला हा करकोचाही गाणारा पक्षी नाही, चोचीचा खडखडाट करणारा. २०२३ मध्ये तो जागतिक लाल यादीत ‘धोक्यात’ वर्गातून ‘जवळपास धोक्यात’ वर्गात आला. एखाद्या झाडावर घरट्यांची वसाहत असेल तर तिथला खडखडाट क्षणात शून्यावरून कानठळ्यांपर्यंत जातो. गेनचं बटण नसलेल्या यंत्राचं सोनं होतं ते अशा ठिकाणी.

घरट्यांच्या हंगामात स्पीकरवरून हाक वाजवून पक्ष्याला उत्तर द्यायला लावू नये. तो प्रतिस्पर्धी शोधण्यात वेळ घालवतो, घरटं उघडं पडतं, आणि संवर्धनाची म्हणवणारी फिल्म संवर्धनालाच खाते.

सोबतीला ऑडिओमॉथ

एफ३ ची एक उणीव त्याच्या घडणीतच आहे: त्याच्याजवळ माणूस यावा लागतो. महिनोन्महिने जागेवर सोडता येईल असं यंत्र तो नाही. ती जागा ऑडिओमॉथ भरतो. हा खुल्या आराखड्याचा, काडेपेटीहून थोडा मोठा नोंदक. ५८ बाय ४८ बाय १५ मिलिमीटर, तीन पेन्सिल सेल, एक मायक्रो एसडी कार्ड, एक बारीक मेम्स (चिपवर घडवलेला) माइक. संगणकावरून वेळापत्रक भरून द्यायचं, बाकी तो झोपतो आणि उठतो. ४८ किलोहर्ट्झवर १६-बिट मोनो नोंद ताशी सुमारे ३४५ एमबी जागा घेते. दर १० मिनिटांतलं १ मिनिट टिपायचं ठरवलं तर दिवसाला २.४ तास, म्हणजे सुमारे ८३० एमबी. ६४ जीबीच्या कार्डात अडीच महिने मावतात. जागा पुरते म्हणून सेलही तितके पुरतील असं समजू नये; ठरवलेल्या वेळापत्रकाला किती वीज लागेल याचा अंदाज त्याचं ॲप आधीच दाखवतं.

त्याच्या माइकची सरसर जास्त आहे. मोठ्या पडद्यावर, शांत दृश्याखाली तो आवाज वापरू नये. त्याचं काम वेगळं: कधी, कुठे, काय ऐकू येतं हे शोधून देणं. हाक कोणत्या पंधरवड्यात, सूर्योदयाच्या किती आधी येते हे त्यावरून कळलं की एफ३ आणि चांगला माइक घेऊन नेमकं त्याच वेळी जाता येतं. हैनान बेटावरच्या गिबनचं उदाहरण इथे चपखल आहे. १९७० च्या दशकात हे गिबन दहाच्या आसपास उरले होते. गिबनची जोडी पहाटे एकत्र गाते. नव्या ठिकाणाहून जोडगाणं ऐकू येणं म्हणजे नवं कुटुंब वसल्याची खूण. अशी खूण आधी नोंदकात सापडते, मग कॅमेऱ्यात.

वटवाघळांसाठीही तोच. एफ३ १९२ किलोहर्ट्झवर ९६ पर्यंतच्या कंपनसंख्या टिपू शकतो, पण साधे माइक त्याच्या खूप आधी मावळतात. ऑडिओमॉथचा नमुन्यांचा वेग ३८४ किलोहर्ट्झपर्यंत जातो. दहापट हळू करून वाजवलं की ४० किलोहर्ट्झची शीळ ४ किलोहर्ट्झवर येते आणि माणसाला ऐकू जाते. मात्र पडद्यावर लिहावं की आवाज हळू केला आहे.

सेल काढले की त्याचं घड्याळ जातं. नवे सेल घालून वेळ पुन्हा भरली नाही तर पूर्ण हंगामाच्या फाइल चुकीच्या तारखांच्या होतात. यावरचा उपाय एकच: सेल बदलणाऱ्याकडे वेळ भरायचं साधन असलंच पाहिजे.

एडिटिंगच्या टेबलावर

इथे आशा खोटी होते किंवा खरी राहते. पहिल्या वर्षीची पहाट ३० डेसिबलची आणि चौथ्या वर्षीची ४२ ची होती असं धरा. एडिटरने सवयीने दोन्ही फाइल नॉर्मलाइझ केल्या, म्हणजे प्रत्येकीची पातळी वेगवेगळी वाढवून सारखी केली, की १२ डेसिबलचा फरक, म्हणजे जे सांगण्यासाठी इतकी वर्षं गेली तेच, एका क्लिकमध्ये पुसलं जातं. दोन्ही फाइल एकत्र निवडाव्यात आणि दोन्हींना एकच गेन द्यावा. तो मोठ्या आवाजाच्या फाइलवरून ठरवावा. ‘आधी’ची बाजू त्यामुळे अगदी बारीक ऐकू येईल. येऊ द्यावी. तिच्याखाली संगीत नको, निवेदन नको. वीस-तीस सेकंद नुसतं रिकामं रान ऐकवलं की पुढची गजबज प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावी लागत नाही. प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएसचा (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) मापदंड असेल तर तो पूर्ण फिल्मला लावायचा, या दोन तुकड्यांना वेगवेगळा नाही. आपोआप पातळी समान करणारे प्लग-इन या भागावरून काढून टाकावेत. ३२-बिट फ्लोट न समजणाऱ्या सॉफ्टवेअरकडे फाइल जाणार असेल तर आधी हा गेन देऊन मगच २४-बिट प्रत काढावी, नाहीतर कमाल पातळीच्या वर गेलेला भाग तिथे कापला जातो.

तुलना टिकायची असेल तर चित्रीकरणाची शिस्तही लागते. तारखांत आठवड्याहून जास्त फरक नको. वेळ घड्याळाची न धरता सूर्योदयापासूनची धरावी. चांद्रकला, तापमान, वारा आणि आदल्या दोन दिवसांचा पाऊस लिहून ठेवावा, कारण कीटक आणि बेडूक यांचा गोंगाट तापमानावर आणि ओलीवर ठरतो. एका ओल्या रात्रीचे बेडूक कोरड्या वर्षाशी ताडून ‘जीवसृष्टी परतली’ म्हणणं चूक आहे.

आणि मोठा आवाज म्हणजे चांगली बातमी असंही नाही. हवाईमध्ये कोकी नावाचा बाहेरून आलेला बेडूक रात्र दणाणून सोडतो. तिथे तो आक्रमक उपद्रवी आहे. डेसिबल मोजून थांबू नये. कोण बोलतंय हे ओळखणारा अभ्यासक फिल्मच्या गटात पहिल्या दिवसापासून असावा, शेवटी तथ्यं तपासायला बोलावलेला नव्हे.

कुणी घ्यावा

एका कॅमेऱ्याने, दोन-तीन माणसांनी, वर्षानुवर्षं त्याच त्या जागांवर परत जाऊन फिल्म करायची असेल तर एफ३ निःशंक घ्यावा; या कामात गेनचं बटण नसणं हा गुण आहे. पाण्याखालच्या कामालाही चालतो, हायड्रोफोन (पाण्याखालचा माइक) ४८ व्होल्टवर चालणारा एक्सएलआरचा असेल तर. अनेक पात्रांना कॉलर माइक लावून बोलतं करायचं असेल, दोनहून जास्त कॅमेरे टाइमकोडने बांधायचे असतील किंवा दुसऱ्या कार्डावर आपोआप प्रत हवी असेल, तर हा रेकॉर्डर अपुरा आहे. जास्त चॅनलचा आणि दोन कार्डांचा पाहावा. फक्त पाहणीसाठी आवाज हवेत, पडद्यासाठी नकोत, अशांनी तो घेऊच नये. तेवढ्याच खर्चात ऑडिओमॉथसारखे अनेक नोंदक रानात पसरवता येतात.

मूळ फाइल जपताना प्रत्येकीच्या सुरुवातीला बोलून तारीख, वेळ, जागेचं सांकेतिक नाव, माइक, त्याची दिशा आणि वारा सांगून ठेवावा. कागदाची वही हरवते, फाइलमध्ये बोललेलं हरवत नाही. या मूळ फाइलची एक प्रत तिथे काम करणाऱ्या अभ्यासकांना द्यावी. शिकारीचा धोका असलेल्या प्राण्याची जागा मात्र फाइलच्या नावात, बोललेल्या नोंदीत किंवा फिल्मच्या श्रेयनामावलीत कुठेही उघड करू नये; नेमके अक्षांश-रेखांश वेगळ्या, कुलूपबंद यादीत असावेत आणि तिथे पोचण्याची सोय दोघांपलीकडे कुणाकडे नसावी.